शोध कोणाचा, सही कोणाची?

पोळ्याच्या दिवशी घरात भांडण काढू नये. बैलालासुद्धा त्या दिवशी कोणी तुतारी टोचत नाही. यंदा मात्र ते मी काढले, आणि तेही पुरणपोळीच्या ताटावर. भांडण वाटणीचे होते, पण शेताच्या वाटणीचे नव्हे. एका शोधाच्या कागदावर कोणाकोणाची नावे असावीत, एवढाच प्रश्न होता. माझा पुतण्या म्हणाला, "काका, हा विषय तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाइतका सोपा नाही." ज्याचा जन्म मुलांना विज्ञान शिकवण्यात गेला त्या मास्तराला हे ऐकून घेणे जड जाते. ताट तसेच राहिले आणि वाद संध्याकाळपर्यंत चालला. त्यातले जे मला त्याला नीट सांगता आले नाही ते येथे लिहीत आहे. दिवाळीचा अंक घरातली सारी मंडळी वाचतात. विद्यापीठातले प्राध्यापकही कोणाच्या ना कोणाच्या घरातलेच असतात.

आधी हकीगत सांगतो. आमचे वडनेर हिंगणघाट तालुक्यातले, नागपूरहून हैदराबादेला जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. काळी जमीन आणि तीत कापूस. हिंगणघाटच्या कापसाला एके काळी विलायतेच्या बाजारात नाव होते. आता नावाचे राहू द्या. शेतकरी बाजारात गाडी घेऊन उभा राहतो तो ओलाव्याच्या धाकाने. सरकारी खरेदीत कापसातला ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पुरा हमीभाव, त्यापुढे टक्क्याटक्क्याला कपात, आणि बारा टक्क्यांवर गेला की गाडी परत. यंत्र त्यांचे, आकडा त्यांचा. शेतकऱ्याने फक्त मान डोलवायची. माझा पुतण्या एका विद्यापीठात सरकारी पाठ्यवृत्तीवर संशोधन करतो. त्याने मनावर घेतले की शेतकऱ्याला घरच्या गंजीतच ओलावा सांगेल असे, खिशात मावणारे आणि स्वस्त यंत्र करायचे. पोरगा हुशार आहे, हे मी काका म्हणून नव्हे, मास्तर म्हणून सांगतो.

गेल्या दिवाळीत तो सुट्टीला आला तेव्हा वेचणी चालू होती. आमच्याकडे वेचणीला येणारी एक म्हातारी आहे. सारा गाव तिला आजीच म्हणतो. कापूस वाळला की नाही हे पाहायचे तर ती बोंडातली एक सरकी काढते, दाताखाली धरते आणि फोडते. "कडकन वाजली का समजा वाळला. दबली का वला," हे तिचे शास्त्र. पुतण्याने गमतीने तिची परीक्षा घेतली आणि गमतीची चिंता झाली, कारण म्हातारीचे अंदाज बरोबर येत होते आणि त्याचे यंत्र चुकत होते. यंत्र रुई मोजत होते. रुई उन्हात तासाभरात वरून सुकते. आतली सरकी ओलीच राहते आणि रात्री गंजीत तोच ओलावा पुन्हा रुईत उतरतो. मोजायची ती सरकी, हे त्याला म्हातारीच्या दातांनी सांगितले. विद्यापीठात परत गेल्यावर त्याने यंत्राची रचना बदलली आणि ते चालू लागले.

यंदा पोळ्याला तो आला तो एक कागद घेऊन. पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी त्यावर सही करायची होती. शोधक म्हणून पहिले नाव मार्गदर्शक प्राध्यापकांचे. दुसरे विभागप्रमुखांचे, ज्यांनी ते यंत्र अजून पाहिलेलेही नव्हते. तिसरे माझ्या पुतण्याचे. खाली एक वाक्य: या शोधावरील सर्व हक्क आम्ही संस्थेस याद्वारे देत आहोत. म्हातारीचे नाव नव्हते, हे सांगायला नकोच. मी विचारले, "हे वाचलेस का?" तो म्हणाला, "काका, हा नुसता उपचार आहे. सगळेच करतात."

सगळेच करतात! या दोन शब्दांनी आपल्या देशात जेवढे अनर्थ खपवले आहेत तेवढे कोणत्याही कायद्याने खपवले नसतील.

नुसता उपचार म्हणता, तर एका उपचाराची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका संशोधकाने नोकरीत शिरताना लिहून दिले होते की माझे शोध मी विद्यापीठाला देण्याचे कबूल करतो. पुढे एड्सच्या विषाणूची मोजणी करण्याचे तंत्र शिकायला तो एका खासगी कंपनीत गेला. तेथे दारातच त्याच्यापुढे दुसरा कागद आला. त्यात लिहिले होते, याद्वारे देत आहे. त्यानेही तो उपचार समजून सही केली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०११ साली स्टॅनफर्ड हरले. 'देईन' आणि 'दिले' यांतला फरक आमच्या आठवीच्या वर्गातली मुले व्याकरणाच्या तासाला सांगतात. तो न कळल्यामुळे एवढ्या मोठ्या विद्यापीठाचा हक्क गेला. या निकालातले मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. पैसा सरकारचा असला, प्रयोगशाळा विद्यापीठाची असली, तरी शोध पहिल्याप्रथम शोधकाचा, असे न्यायालयाने बजावले. पुढे तो कोणाकडे जातो हे शोधकाच्या सहीवर. आपला १९७० चा पेटंट कायदाही खऱ्या आणि पहिल्या शोधकालाच किंवा त्याने ज्याला हक्क दिला त्यालाच अर्ज करू देतो. तेव्हा सही हा उपचार नाही. विभागप्रमुखांची तर नाहीच नाही. ज्याने काही शोधले नाही त्याचे नाव शोधकांत घालणे याला आमच्या गावात खोटी साक्ष म्हणतात.

आता कोणी म्हणेल, मग काय, सारा शोध प्राध्यापकाच्या आणि विद्यार्थ्याच्या खिशात घालायचा? मुळीच नाही. माझे खरे भांडण तेथूनच सुरू होते. प्राध्यापकाला पगार मिळतो तो आपल्या करातून. प्रयोगशाळेची वीज, काच, रसायने, विद्यार्थ्याची पाठ्यवृत्ती, सारे आपलेच. आमची म्हातारी मीठमिरची आणायला दुकानात जाते तेव्हा साबणाच्या वडीवरसुद्धा कर देते. म्हणजे त्या यंत्रात तिचेही दोन पैसे आहेत. असे असताना सरकारी पैशाने लागलेला शोध हळूच घरी नेऊन मेव्हण्याच्या नावाने कंपनी काढणारे महाभागही आहेत, आणि पेटंट मिळवून ते कपाटात ठेवणाऱ्या संस्थाही आहेत. पेटंटांची संख्या विद्यापीठाच्या क्रमवारीत मोजली जाते; यंत्र शेतकऱ्याच्या हाती पडले की नाही हे कोणी मोजत नाही. लग्नात आहेर मोजावा आणि नवरीला विसरून यावे तशातला प्रकार.

अमेरिकेने १९८० साली एक कायदा केला. बाय आणि डोल या दोन सिनेटरांच्या नावाने तो ओळखला जातो. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाने ठेवावी, पण त्याबरोबर काही बंधनेही घ्यावीत: शोध लागला की सरकारला कळवावे, वेळेत पेटंट घ्यावे, उत्पन्नातला वाटा शोधकाला द्यावा, सरकारला स्वतःसाठी तो शोध फुकट वापरू द्यावा. शोध दाबून ठेवला तर सरकार मध्ये पडून तो दुसऱ्याला द्यायला लावू शकते, असेही कलम आहे. परंतु पहिल्या चाळीस वर्षांत ते एकदाही वापरले गेले नाही. भिंतीवर टांगलेल्या तलवारीने घर राखले जाते की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्याकडे २००८ साली याच धर्तीचे विधेयक राज्यसभेत आले. शोधकाला उत्पन्नाच्या निदान तीस टक्के वाटा द्यावा असे त्यात होते. त्याचा कायदा झालाच नाही. मला त्याचे फारसे दुःख नाही, कारण त्यात वाटेकरी तीनच होते: सरकार, संस्था आणि शोधक. चौथा कोणाला आठवला नव्हता.

या चौथ्याचीच गोष्ट मला सांगायची आहे.

आपल्याला हळदीची लढाई चांगली आठवते. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना हळदीने जखम भरून येते यावर पेटंट मिळाले. दोघेही नावांवरून भारतीय वंशाचे, हा आणखी विनोद. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, जुने ग्रंथ पुढे करून ते पेटंट १९९७ साली रद्द करवले. मी त्या दिवशी शाळेत पेढे वाटले होते. आमच्या आजीच्या डब्यातली हळद हे लोक आम्हालाच विकणार काय, असे मी फळ्यासमोर उभा राहून गरजलो होतो. पुढच्याच वर्षी आमच्या शेजारच्या जिल्ह्यात काय घडले ते मात्र मला पुष्कळ उशिरा कळले. आणि कळल्यावर ते पेढे कडू लागले.

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक खेडे आहे; मराठवाड्यातले नव्हे, हे निराळे. तेथे दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी राहत. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या धानात निराळ्या रंगाच्या तीन लोंब्या दिसल्या. दुसऱ्याने त्या उपटून बांधावर टाकल्या असत्या. दादाजींनी त्या पिशवीत जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात निराळ्या लावल्या, त्यांतल्या निवडल्या, पुन्हा लावल्या. असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. यालाच विद्यापीठात निवड पद्धतीने वाणनिर्मिती म्हणतात आणि त्यासाठी माणसाला पगार, निवासस्थान आणि मदतनीस देतात. दादाजींना यातले काही नव्हते, डोळा होता. दाणा बारीक, भात चवदार, उतारा चांगला. त्या काळी एचएमटीचे घड्याळ मनगटावर असणे ही प्रतिष्ठा होती. लोकांनी त्या धानालाच एचएमटी म्हणायला सुरुवात केली. पूर्व विदर्भातून ते कोठल्या कोठे पसरले. तुमच्या घरी या दिवाळीत पाहुण्यांसाठी शिजलेला भात कदाचित त्याच तांदळाचा असेल.

१९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने प्रयोगासाठी म्हणून दादाजींकडून पाच किलो बियाणे नेले. १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने वाण प्रसारित केले. नाव: 'पीकेव्ही एचएमटी'. पुढची तीन अक्षरे विद्यापीठाची, मागची तीन घड्याळाची. दादाजी कोठेच नाहीत. ज्या विद्यापीठाला शेतकऱ्यांसाठी उभा जन्म झटलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे, तेथे हे व्हावे!

विद्यापीठाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी वकील ठरेन, मास्तर नव्हे. त्यांचे म्हणणे असे की शेतकऱ्याच्या बियाण्यात भेसळ होती. ते आम्ही शास्त्रशुद्ध रीतीने शुद्ध केले. बरे, केले असेल. शुद्ध करणे हे काम आहे आणि त्याचे श्रेय घ्यावे. परंतु सोनाराने दागिना उजळून दिला म्हणजे दागिना सोनाराचा होत नाही. आणि जरा मागे जाऊ. ज्या धानात दादाजींना त्या तीन लोंब्या दिसल्या ते होते 'पटेल ३', म्हणजे जबलपूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. पटेलांनी काढलेले वाण. सरकारी पैशाचा शोध शेतकऱ्याच्या बांधावर आला, तेथे त्याच्या डोळ्याने तो पुढे गेला, आणि पुन्हा दुसऱ्या सरकारी विद्यापीठात पोचला. गंमत पाहा, दादाजींच्या गोष्टीत पटेलांचे नाव अजूनही निघते, कारण शेतकऱ्यांनी ते वाणाबरोबर जपले. अडाणी म्हटलेल्या शेतकऱ्यांनी जे पाळले ते पदवीधारकांना का पाळता येऊ नये?

पुढे दादाजींना मान मिळाला. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हातून राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार मिळाला. २०१० साली फोर्ब्स नावाच्या अमेरिकन मासिकाने त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घातले. अमेरिकेच्या मासिकाला जे दिसले ते अकोल्याला दिसायला वेळ लागला. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्यालाही वाणाचा निर्माता मानले आहे आणि अर्जदाराने आपले मूळ बियाणे रीतसर मिळवले असल्याचे लिहून द्यावे असे सांगितले आहे. पण तो कायदा यायच्या आधीच जे व्हायचे ते होऊन गेले होते. दादाजी आयुष्यभर गरीबच राहिले आणि ३ जून २०१८ रोजी, दीर्घ आजारपणानंतर, गेले. मिसिसिपीला आम्ही हळदीचे चोर म्हटले. मग तांदळाचे काय म्हणायचे? तेथे निदान पुराव्यासाठी संस्कृत ग्रंथ होते. दादाजींच्या तीन लोंब्यांचा ग्रंथ कोण लिहिणार होता?

श्रेयाबरोबर जबाबदारी येते, आणि ती टाळण्यातही आमचे शास्त्रज्ञ मागे नाहीत. याला साक्ष कापसाचीच. बोंडअळीला दाद न देणारा बीटी कापूस आला तो संकरित बियाण्यात. दर वर्षी पाकीट विकत घ्या. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांनी सरकारी पैशातून 'बीकानेरी नरमा' नावाचे बीटी वाण काढले. ते सरळ वाण होते. घरचे बी ठेवा आणि पुन्हा पेरा. २००९ साली ते शेतकऱ्यांच्या हाती आले तेव्हा आम्हाला वाटले, आता आपली विद्यापीठे आपल्यासाठी उभी राहिली. वर्ष सरता सरता विक्री थांबली. त्या वाणात मोन्सॅन्टो कंपनीच्या जनुकाची खूण निघाली, आणि पुढे चौकशी समितीनेही तसेच सांगितले. भेसळ चुकून झाली की कोणी डोळे मिटले, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मला एवढेच कळते की ज्याने आपल्या नावावर शोध सांगितला त्याने तो शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी तपासायला हवा होता. त्या एका चुकीने सरकारी बियाण्यावरचा विश्वास गेला आणि पाकिटांचा धंदा निश्चिंत झाला. नुकसान कोणाच्या पगारातून कापले गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शहरातल्या मोठ्या संस्थांचीही तीच कथा. करोनाची लस निघाली तेव्हा विषाणू वेगळा करून देण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. लशीच्या पेटंटाच्या अर्जात मात्र आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे नावच नव्हते. २०२४ साली बोभाटा झाल्यावर कंपनीने अनवधान झाले म्हणून ते घातले. परिषदेसारख्या बलाढ्य संस्थेचे नाव अनवधानाने गळते, तेथे वडनेरच्या म्हातारीची काय कथा!

"मग काका, पेटंटच नको. सारे फुकट वाटून टाकू," असे पुतण्या चिडून म्हणाला. हेही खरे नव्हे. उघड्यावर ठेवलेली वस्तू पहिला धटिंगण उचलतो. इन्सुलिनच्या शोधकांनी १९२३ साली एकेक डॉलर घेऊन आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला दिले ते दुसऱ्या कोणी त्याला कुलूप घालू नये म्हणूनच. आणि लांब कशाला जायचे? सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात. गांधीजी वर्ध्याला राहायला येण्याच्या आधी, १९२९ साली, अखिल भारत चरखा संघाने खेड्यातल्या माणसाला परवडेल असा सुधारलेला चरखा करणाराला एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्या काळचे लाख रुपये! अट अशी की शोधकाने हवे तर आपल्या नावे पेटंट घ्यावे, पण बक्षीस घेताना त्याचे हक्क संघाला द्यावे. किर्लोस्करांनीही एक यंत्र करून पाठवले होते. ते कसोटीला उतरले नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण सौदा कसा चोख होता पाहा. शोधकाला नाव आणि पुरा मोबदला, लोकांना वस्तू. फुकट त्याग कोणाकडूनच मागितला नव्हता.

तेव्हा मी पुतण्याला म्हटले, हक्क संस्थेला देणार असशील तर दे, पण विचारून दे: यंत्र किती वर्षांत बाजारात आणणार, कोणत्या किमतीला, आणि नाही आणले तर हक्क मला परत मिळणार का? विभागप्रमुखांचे नाव काढायला सांग. आणि शोध कसा सुचला हे लिहायला जेथे जागा असेल तेथे म्हातारीचे नाव लिही. तो म्हणाला, "कायद्याने ती शोधक होत नाही. सरकी चावणे म्हणजे शोध नव्हे." कायद्याने होत नसेल, मी कबूल केले. परंतु तुझ्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर ज्याने टंकलेखन केले त्याचेही आभार असतात; मग जिने चूक कोठे आहे ते दाखवले तिचे का नकोत? त्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सरांना काय सांगू? ते माझा प्रबंध अडवतील." हे मात्र मला उत्तर न देता येण्याजोगे होते. माझे तारुण्य गेले, नोकरी गेली. माझे कोण काय अडवणार? त्याचे सारे पुढे आहे. ज्या व्यवस्थेत खरे नाव लिहिण्यासाठी चोवीस वर्षांच्या पोराला आपली पदवी पणाला लावावी लागते, तिच्यातल्या वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी या दिवाळीत अभ्यंगस्नान करून निवांत बसल्यावर आपापल्या पेटंटांवरची नावे एकदा वाचून पाहावीत.

संध्याकाळी दिवे लागल्यावर त्याने विचारले, "आजीचे पूर्ण नाव काय?" मला सांगता येईना. घरातल्या बायकांनाही येईना. एवढी वर्षे ती आमच्या शेतात राबते, आणि आम्ही सारे तिला आजीच म्हणत आलो. विद्यापीठाला शिव्या देऊन माझा घसा बसला होता, तो तेथे आणखी बसला.

आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. पोळ्याची भाकर-भाजी झाली होती, ती दारातच बसली होती. पुतण्याने नाव विचारल्यावर ती सावध झाली. "कशाले पायजे जी? योजनेचा फारम हाय का?" त्याने यंत्राचे सांगितले. तिला ते फारसे पटले नसावे. पण आधी स्वतःचे, मग नवऱ्याचे, मग आडनाव, असे सारे तिने सावकाश सांगितले, आणि पुतण्याने ते त्याच कागदाच्या पाठीवर लिहून घेतले. आम्ही निघालो तेव्हा तिने मागून हाक मारली. "बाबू, ते मशीन आनशीन तवा मले दाखवजो. माह्या दाताले आता सरकी फुटत नाही."